उजवीकडून येणारा शिंजीर

नानांना धुळ्यातल्या आमच्या देवपूरच्या घरी आणलं ते दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी ते एकटेच राहत. भाऊ सुरतला, मी धुळ्यात शाळेत विज्ञान शिकवते. दोघांनी किती वेळा बोलावलं, पण फोनवर त्यांचं उत्तर ठरलेलं, "मी बेस शे. तू तुन्हं देख." मी बरा आहे, तू तुझं बघ. मग एका सकाळी दूधवाल्याला ते ओट्यावर कलंडलेले दिसले.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला होता. बोलणंही गेलं होतं. एक शब्द तेवढा उरला होता: "आस्ते."

नानांनी जन्मभर ट्रक चालवला. रावेरला केळी भरायची आणि उत्तरेकडे निघायचं, माल पिकायच्या आत पोचवायचा. ट्रक मागे घेताना, अरुंद पुलावर, घाटाच्या वळणावर क्लीनर ओरडायचा तो हा शब्द. बाकी सगळी भाषा पुसली गेली आणि हा एवढा मागे राहिला. पाणी हवं असलं तरी "आस्ते", बाथरूमला जायचं असलं तरी "आस्ते", भाऊ फोनवर दिसला तरी "आस्ते". आवाजाच्या चढउतारावरून मी अर्थ लावायची. हळूहळू मला वाटायला लागलं की आता मला सगळं कळतं.

खरं सांगायचं तर नानांना मी तेव्हाच पहिल्यांदा जवळून बघत होते. आमच्या लहानपणी ते पंधरा-पंधरा दिवस बाहेर असत आणि घरी आले की झोपलेले असत. "हळू बोला, नाना झोपलेत," हे आईचं वाक्य ऐकतच आम्ही वाढलो. आता ते दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होते आणि त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. ताटातली डाव्या बाजूची भाजी संपायची आणि उजवीकडची पोळी तशीच राहायची. ताट फिरवून दिलं की मग तीही खायचे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. पण उजव्या बाजूचं दिसणं मेंदूपर्यंत पोचत नाही. त्यांच्यासाठी उजवी बाजू नाहीच, असं समजा." तेव्हापासून मी त्यांच्याशी डावीकडे बसून बोलायला लागले.

घराच्या मागे छोटं अंगण आहे. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं केळीचं बेट, एक कागदी लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायची तार. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचं अंगण. काकू मूळच्या राजस्थानच्या जैन कुटुंबातल्या. त्यांच्या घरचं धान्याचं दुकान आहे. भिंतीवर त्यांनी पक्ष्यांसाठी पाण्याची परळ ठेवलेली. माझी शाळा दुपारची. मी गेले की काकू येऊन नानांजवळ बसत, जपमाळ ओढत किंवा भाजी निवडत.

सकाळी व्यायाम झाला की मी नानांची चाकाची खुर्ची उन्हात ठेवायची. हिवाळ्यात केळीला नवीन केळफूल आलं आणि त्याच्यावर शिंजीर यायला लागला. अंगठ्याएवढा पक्षी. सावलीत काळा दिसतो, उन्हात आला की जांभळानिळा चमकतो. तो लिंबाच्या झाडातून निघायचा, म्हणजे नानांच्या उजवीकडून, आणि डावीकडच्या केळफुलावर यायचा. मला तो पूर्ण वाटभर दिसायचा. नानांना मात्र हवेतून एकाएकी काहीतरी फुटून बाहेर पडावं तसा दिसत असणार. ते दचकायचे, डावा हात अर्धवट उचलायचे, आणि मान नीट वळेपर्यंत शिंजीर परत उजवीकडे जाऊन नाहीसा झालेला असायचा. जिथे तो नाहीसा झाला त्या जागेकडे बघून ते म्हणायचे, "आस्ते."

या एका वेळी मला त्या शब्दाचा अर्थ शोधावा लागला नाही. ते त्या पक्ष्याला खरोखरच म्हणत होते, जरा हळू.

मी फोनने फोटो काढून बघितले. फुलाशेजारी एक काळा फराटा, बाकी काही नाही. त्याच सुमारास धुळ्यातला एक जुना स्टुडिओ बंद होत होता. लग्नांचे फोटो काढणारे एक वयस्क गृहस्थ तो चालवायचे. त्यांच्याकडून मी वापरलेला कॅमेरा आणि लांबची लेन्स घेतली. कशाला हवाय म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, पाखराच्या मागे कॅमेरा फिरवत बसू नका. ते जिथे येणार तिथे आधी जाऊन थांबा. शटरचा वेग दोन हजारावर ठेवा आणि ऊन पाठीशी घ्या. बाकी त्याच्या मर्जीवर सोडा."

मला जमायला महिना लागला. शेपटी यायची, नाहीतर पंखाचं टोक, नाहीतर नुसतंच हललेलं पान. मग मी कॅमेरा बाजूला ठेवून चार दिवस फक्त बघत राहिले. शिंजीर सरळ फुलावर येत नाही हे तेव्हा कळलं. केळीच्या फाटक्या पानाचा एक देठ होता, आधी त्यावर बसायचा, दोनदा शेपटी झटकायचा, मग झेप. मी त्या देठापासून फुलापर्यंतची जागा धरून ठेवली आणि शेपटी झटकली की बटण दाबायला लागले.

जानेवारी संपता संपता एक फोटो आला. शिंजीर हवेतच थांबलेला, दोन्ही पंख मागे ताणलेले, वाकडी चोच केळफुलाच्या पाकळीखाली शिरलेली. कार्ड टीव्हीला जोडून मी तो मोठा केला आणि नानांची खुर्ची वळवून टीव्ही त्यांच्या डावीकडे घेतला.

नाना बराच वेळ बघत राहिले. पक्षी जात नव्हता. ते एकेक भाग सावकाश बघत होते, चोच, डोळा, पोटाखाली दुमडलेले पाय. मग त्यांनी हात पुढे केला. मी खुर्ची जवळ नेली. काचेवर बोट ठेवून त्यांनी चोचीची वाकण वरून खालपर्यंत गिरवली आणि हसले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसले.

त्यानंतर आमची दिवसाची रीत ठरून गेली. सकाळी उन्हात बसायचं, मी फोटो काढायचे, साडेदहाला टीव्हीवर दाखवायचे. तारेवर येणारा वेडा राघू मिळाला, माशी पकडून वळलेला. नाचण मिळाला, शेपटीचा पंखा उघडलेला. आम्हा दोघांना बोलायला विषय मिळाला होता. बोलायची मीच, पण तो आमच्यातला होता.

त्यातले काही फोटो मी शाळेच्या ग्रुपवर टाकले. खूप कौतुक झालं. मुख्याध्यापकांनी एक मोठा करून प्रयोगशाळेत लावला. मला ते आवडलं. कोणी विचारलं तर मी सांगायची, वडिलांसाठी काढते. ते खरं होतं, पण पुढेपुढे तेवढंच खरं राहिलं नाही.

फाल्गुनात शिंजिराची मादी बाथरूमच्या खिडकीतली कोळिष्टकं ओढून न्यायला लागली. ती मातकट पिवळी असते, नरासारखी चमकत नाही. कुठे नेते ते मला सापडेना. ते सापडलं नानांना. लिंबाकडे तोंड करून त्यांना बसवलं होतं, आणि त्यांनी डावा हात उचलून अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "आस्ते." मी त्यांच्या बोटाच्या रेषेत बघितलं. पानांच्या आत, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, वाळका पाचोळा लोंबावा तसं घरटं लटकत होतं. एका बाजूला दार, दारावर छोटी पडवी.

त्या दिवसापासून नानांना खुर्ची तिकडेच तोंड करून हवी असायची. मादी अंडी उबवत असताना तिची चोच दारातून बाहेर दिसायची. नाना तासन्‌तास बघत बसत. काकू मला म्हणाल्या, "ताई, नाना दुपारी आता झोपतच नाहीत. राखण करतात."

पिल्लं निघाली. नर आणि मादी दोघंही चोचीत कोळी, अळ्या घेऊन ये-जा करायला लागली. मला तो फोटो हवा होता, दारातली उघडी तोंडं आणि हवेत थांबलेला नर. पण घरट्याच्या तोंडासमोर एक पानभरली फांदी आडवी होती. सगळे फोटो पानांचे यायचे.

तो रविवार होता. मी सुतळी आणि कात्री घेऊन लिंबाजवळ गेले.

मागून नाना म्हणाले, "आस्ते!"

"हो नाना, हळूच करतेय," मी म्हटलं.

फांदी मागे ओढून मी सुतळीने खोडाला बांधली. दारासमोर पाच-सहा पानं अजून येत होती, ती कात्रीने काढली. नाना ओरडत होते, "आस्ते! आस्ते! आस्ते!" डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत होते. मी वळून बघितलं. चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, ऊन लागतंय. चैत्राचं ऊन होतंच तसं. मी खुर्ची फिरवली आणि त्यांना आत घेऊन आले. आत आल्यावर ते रडायला लागले. अशा आजारात कारण नसताना रडू येतं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी त्यांचं तोंड पुसलं, पंखा लावला, पाणी पाजलं. "बसा शांत," म्हटलं, आणि परत बाहेर गेले.

दोन तास मी तिथे होते. माझ्या हातून इतका चांगला फोटो आधी कधी आला नव्हता, नंतरही आला नाही. केशरी रंगाची दोन उघडी तोंडं, समोर हवेत थांबलेला नर, चोचीत कोळी, आणि त्या कोळ्याचे पायसुद्धा मोजता यावेत इतके स्पष्ट. मी तो लगेच ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत वाहवा चालू होती.

फांदी सोडायला मी विसरले नव्हते. हे मला नीट सांगायला हवं. संध्याकाळी मी अंगणात गेले होते, सुतळीला हातही लावला होता. सकाळचं ऊन आणखी चांगलं मिळेल, उद्या शाळेच्या आधी तासभर मिळेल, असा विचार करून मी ती तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून भिंतीवर भारद्वाज दिसला. तांबूस पंखांचा, लाल डोळ्याचा. भारद्वाज दिसणं चांगलं, असं आपल्याकडे म्हणतात. मला बरं वाटलं. आत येऊन मी नानांना म्हटलंसुद्धा, "नाना, भारद्वाज आलाय अंगणात. आज दिवस चांगला जाणार."

चहा झाल्यावर त्यांना बाहेर नेलं. खुर्ची लिंबाकडे वळवली. माझं लक्ष चाकाखालच्या दगडाकडे होतं, त्यामुळे आधी त्यांनी बघितलं.

घरटं खालपर्यंत फाटलेलं होतं. आतला कापूस बाहेर लोंबत होता. एक पिल्लू झाडाखाली पडलं होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या. दुसरं कुठेच नव्हतं. मादी चोचीत अळी घेऊन यायची, जिथे दार होतं तिथे हवेत थांबायची, परत जायची, परत यायची. अळी तिच्या चोचीत तशीच होती.

नाना काही म्हणाले नाहीत. तो एक शब्दही नाही.

चार दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. माझ्या हातून घास घ्यायचे नाहीत. ओठ मिटून भिंतीकडे बघायचे. दुपारी काकूंनी भरवलं की खायचे. चौथ्या दिवशी काकूंनी मला दाराशी थांबवून विचारलं, "ताई, घरात काय झालं?"

मी सगळं सांगितलं. फांदी, सुतळी, नानांचं ओरडणं, फोटो. सांगताना वाटत होतं की त्या म्हणतील, जाऊ द्या, पक्ष्यांचं असंच असतं, भारद्वाजालाही पोट आहे. जीव जपणाऱ्या घरातल्या बाईकडून तसं ऐकायला मिळालं असतं तर मला फार हलकं वाटलं असतं.

काकू म्हणाल्या, "पिल्लांची माफी मागून काय होणार? ती ऐकायला आहेत का? नाना ऐकायला आहेत."

"पण काकू, मला खरंच कळलं नाही ते काय म्हणतायत."

"विचारलं होतं?"



संध्याकाळी मी नानांच्या डावीकडे खाली जमिनीवर बसले, त्यांना दिसेन अशी. म्हटलं, "नाना, तुम्ही मला नको म्हणत होता ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

"फांदी बांधू नको म्हणत होता. घरटं उघडं पडेल म्हणून. आणि मी तुम्हाला आत आणून बसवलं."

त्यांचे डोळे भरून आले. या वेळी ते कारण नसताना नव्हतं, आणि बहुधा त्या रविवारीही नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मी थांबून विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मला फोटो हवा होता."

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. ट्रकचं स्टिअरिंग फिरवलेला हात. त्याच्यात अजून पुष्कळ जोर होता. मनगट दुखायला लागलं तरी मी ते सोडवून घेतलं नाही. दिवा लावायची वेळ उलटून गेली, काकूंच्या घरून भांड्यांचा आवाज यायला लागला, तेव्हा कुठे त्यांनी हात सैल केला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की जवळजवळ पाच महिने नाना या घरात होते आणि त्यांना 'नको' म्हणता येईल अशी काही सोय मी केलीच नव्हती. जे काही म्हणतील त्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावत होते. वर्गात मुलांना मी रोज सांगते, आधी निरीक्षण, मग अनुमान.

त्याच रात्री जेवताना मी त्यांना म्हटलं, "नाना, आपण ठरवू या. हो असेल तर पंजा उघडा. नको असेल तर मूठ. चालेल?"

त्यांनी पंजा उघडला.

मग ताटातल्या कारल्याकडे बघून मूठ आवळली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी इतक्या मुठी आवळल्या की मी थक्क झाले. सकाळी सातला आंघोळ नको. टीव्हीवरचं कीर्तन नको. भेटायला येणारे एक लांबचे नातेवाईक नकोत. खुर्चीच्या पाठीला लावलेली उशी नको. ही उशी मी नोव्हेंबरपासून लावत होते.

कॅमेरा मी कपाटात ठेवून दिला होता. एक दिवस विचारलं, "हा देऊन टाकू का कोणाला?" मूठ. "मग मी परत फोटो काढू?" मूठ. मला कळेना. त्यांनी डावा हात पुढे केला आणि तळवा वर करून तसाच धरला.

त्यांना तो स्वतःला हवा होता.

कॅमेऱ्याचं बटण उजव्या हाताचं. मी पुन्हा त्या स्टुडिओवाल्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी कॅमेऱ्याला जोडायची एक लांब वायर दिली, टोकाला बटण असलेली. तिपाई त्यांनी तशीच, पैसे न घेता दिली. मी कॅमेरा तिपाईवर लावला, केळीच्या दुसऱ्या खांबाला आलेल्या केळफुलावर रोखला, आणि बटण नानांच्या डाव्या हातात दिलं. तिपाई लांब ठेवली होती. त्याहून जवळ नेऊ का, म्हणून विचारलं, तर मूठ.

शिंजीर यायचा, नाना बटण दाबायचे, आणि तोवर तो गेलेला असायचा. त्यांना उशीर व्हायचा. डोळ्याने बघितलेलं अंगठ्यापर्यंत पोचायला त्यांना जो वेळ लागायचा, तेवढ्यात शिंजिराचा मध पिऊन होई. वैशाख गेला, जेठ गेला, त्यांनी रोज फोटो काढले. रोज साडेदहाला आम्ही ते टीव्हीवर बघायचो. केळफूल. केळफूल. हललेलं केळफूल. नाना प्रत्येक फोटो तितक्याच लक्षपूर्वक बघायचे. कधी पाकळी थरथरलेली असली की तिथे बोट ठेवायचे. आता इथे होता, असं.

आषाढात एकदा त्यांना शेपटी मिळाली. फोटोच्या अगदी कडेला, अर्धी शेपटी आणि एक पाय. त्या दिवशी त्यांनी तो फोटो पुढे सरकवू दिला नाही. मी शाळेत गेले तेव्हा तो टीव्हीवर तसाच होता. काकू म्हणाल्या, मलाही दाखवला, आणि समोरून जाणाऱ्या भंगारवाल्यालाही बोलवायला सांगत होते.

श्रावणात नानांना दुसरा झटका आला. भाऊ सुरतहून आला. नाना दवाखान्यात तीन दिवस होते. शेवटच्या दिवशी श्वासाची नळी घालायची का, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला विचारलं. आम्ही काही बोलायच्या आत नानांच्या चादरीवरच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मूठ होती. ती जाणून आवळलेली होती की नुसतीच मिटलेली, हे मला कधीच कळणार नाही. मी भावाला तिचा अर्थ सांगितला. त्याने मान हलवली. नळी घातली नाही.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. भाऊ एक दिवस मागे राहिला होता. नानांचे कपडे, औषधं आवरताना त्याला कॅमेरा सापडला. त्याने कार्ड टीव्हीला लावलं आणि फोटो पुढे सरकवत राहिला. मी भाजी चिरत होते.

"अक्का, यात तर काहीच नाही," तो म्हणाला. "बठ्ठं केळफूलच शे." सगळं केळफूलच आहे.

कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडी मी आपली बोली ऐकत होते. सुरतच्या घरात त्याची मुलं गुजराती आणि हिंदी बोलतात.

"नानांनी काढलेत," मी म्हटलं.

त्याने रिमोट खाली ठेवला. जरा वेळाने परत उचलला आणि पहिल्या फोटोपासून पुन्हा सुरुवात केली. आता तो एकेका फोटोवर थांबत होता.

दुपारच्या गाडीआधी त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. "मला दे हे."

"शेपटीवाला देते. बाकीचे रिकामेच आहेत."

"नको," तो म्हणाला. "बठ्ठा दे."